पाणी ओसरल्यानंतर: तूर, सोयाबीन आणि मक्याच्या रोपांच्या नोंदी

१२ जून

माती आली. मामाच्या खालच्या वावरातली, सहा पोती. राजगुरुनगरच्या पुढे भीमेकडे उतरत जाणारं हे वावर मोठा पाऊस झाला की उपळतं, आणि उपळलं की तूर सगळ्यांत आधी जाते. मामानं पोती दुधाच्या टेम्पोतून वाकडेवाडीपर्यंत पाठवली, तिथून रिक्षानं धनकवडीला आणली आणि घरमालकीण आजींच्या नातवाच्या मदतीनं गच्चीवर चढवली. नर्सरीची तयार माती घेतली असती तर हे ओझं वाचलं असतं. पण तिच्यात वाळू आणि खत इतकं असतं की पाणी तासाभरात निघून जातं. मला बघायचंय ते काळ्या मातीत काय होतं ते.

प्रश्न आजच लिहून ठेवते, म्हणजे पुढे पाय घसरणार नाही. पाणी ओसरल्यावर रोप परत उभं राहणार की नाही, हे कितव्या दिवशी कळतं आणि रोपाच्या कुठल्या भागाकडे बघून कळतं? मामाला हा निर्णय शेतात उभं राहून घ्यावा लागतो: दुबार पेरणी करायची की थांबायचं. सोयाबीन १५ जुलैच्या पुढे पेरण्यात फारसा अर्थ नसतो, म्हणजे थांबायला दिवसही मोजकेच. गेल्या वर्षी त्यानं अर्धा एकर मोडून परत पेरलं. मोडलेलं पीक जगलं असतं का, हा प्रश्न त्याच्या मनातून अजून गेलेला नाही.

काचेच्या बरणीत एक भाग माती, तीन भाग पाणी घालून खूप हलवलं आणि खिडकीत ठेवलं. वाळू मिनिटभरात तळाला बसली, तीही बोटाच्या पेराएवढी नाही. रात्री झोपताना बघितलं तर वरचं पाणी अजून चहासारखं गढूळ. एवढी बारीक चिकणमाती. भिजली की फुगते आणि स्वतःच्याच भेगा, स्वतःचीच भोकं बुजवून टाकते.

१६ जून

पेरणी. मृग कोरडाच चाललाय, मला सोयीचं. तूर, सोयाबीन (फुले संगम) आणि मका, प्रत्येकी ३६ काळ्या पिशव्या. प्रत्येक पिकाचे तीन गट: पाण्यात न ठेवलेला, तीन दिवस पाण्यात, सहा दिवस पाण्यात. गटात १२ पिशव्या, त्यातल्या ८ शेवटपर्यंत ठेवायच्या आणि ४ मधे उपटून मुळं बघायला. तुरीच्या २५ पिशव्या जास्तीच्या भरल्या. मामाच्या घरचं बी, उगवण कशी होईल याची खात्री नव्हती म्हणून. मडक्यात इंद्रायणी भाताची थोडी रोपंही करणार आहे. ती प्रयोगात नाहीत, फक्त शेजारी ठेवून बघण्यासाठी.

सोयाबीनला आधी बुरशीनाशक चोळलं, सुकल्यावर रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणारे जिवाणू). हा क्रम उलटा झाला तर जिवाणू मरतात.

२१ जून

सगळं उगवलं, तुरीच्या तीन पिशव्या सोडून. आर्द्रा लागतंय.

तिन्ही पिकं जमिनीतून वर येतात तेव्हाच किती वेगळी आहेत, ते आज नीट बघितलं. सोयाबीन मान वाकवून, दोन्ही दलं डोक्यावर घेऊन वर येतं. तूर दलं मातीतच ठेवते आणि फक्त कोंब वर पाठवते. मका दाणा खाली ठेवतो, आणि पहिले तीनेक आठवडे त्याचा वाढीचा शेंडाही मातीच्या पातळीखालीच असतो. पानं वर दिसतात, पण ज्यातून पुढची पानं यायची तो बिंदू जमिनीत. पाणी तुंबलं की मक्याचा हा सगळ्यांत नाजूक भागही पाण्यात जातो.

२८ जून

बोहरी आळीत जाऊन नऊ मोठे प्लॅस्टिकचे टब आणि साध्या लोखंडाच्या सळया आणल्या. सळया सहा मिलिमीटर जाडीच्या, वीतभर कापून घेतल्या, पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केल्या.

सळया कशासाठी, ते लिहून ठेवते. मातीतला ऑक्सिजन मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. पण लोखंड गंजायला ओल आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. ओल तर सगळ्या मातीत आहे. मग सळई जिथपर्यंत तांबूस होईल तिथपर्यंत हवा, आणि जिथे काळी-करडी राहील तिथे हवा नाही. दोन दिवस रोवायची, उपसायची, पट्टीनं मोजायचं, त्या जागी नवी घासलेली सळई रोवायची.

१ जुलै

सकाळी आठ वाजता पाणी भरलं, मातीवर दोन सेंटिमीटर उभं राहील एवढं. रोपं पंधरा दिवसांची. सोयाबीनची दलं अजून हिरवी, पहिलं त्रिदल पान उघडलेलं. तुरीची दोन साधी पानं आणि मधे पहिलं त्रिदल. मका चार पानांवर.

पहिला तास मातीतून बुडबुडे येत होते. मातीच्या पोकळ्यांतली हवा निघून जाताना डोळ्यांनी दिसते, हे मला आधी सुचलं नव्हतं. त्यानंतर सगळं शांत. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू पसरतो. वरून नवा येणं जवळजवळ बंद, आणि खाली मुळं आणि सूक्ष्मजीव उरलेला संपवत राहतात.

३ जुलै

आज दुपारी दोन तास कडक ऊन पडलं आणि पाण्यात उभ्या असलेल्या तुरीनं माना टाकल्या. बाजूच्या कोरड्या गटातली तूर ताठ.

आजी कपडे वाळत घालायला आल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, पाण्यात आहे ना ती? मग सुकतेय कशानं?" हाच प्रश्न मला दुसऱ्या वर्षाला असताना पडला होता. उत्तर असं: ऑक्सिजन नसला की मुळाची पेशी साखर पूर्ण जाळू शकत नाही, नुसती आंबवते. पूर्ण जाळून एका ग्लुकोजमागे एटीपीचे (पेशी ऊर्जा म्हणून वापरते त्याचे) तीसेक रेणू मिळतात, आंबवून दोन. या ओढाताणीत पेशीच्या आतला रस आम्लधर्मी होतो, आणि त्या आम्लतेनं पेशीच्या पडद्यातली पाणी आत घेणारी दारं मिटतात. फ्रान्समधल्या माँपेलियेच्या संशोधकांनी २००३ साली अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या झाडाच्या मुळांवर हे दाखवून दिलं. म्हणजे मूळ पाण्यात बुडलेलं असूनही पाणी पिऊ शकत नाही, आणि वर ऊन पानातलं पाणी ओढत राहतं. आजींना मी एवढंच सांगितलं की तिचा श्वास कोंडलाय, आणि श्वास कोंडलेल्याला घोट गिळता येत नाही. त्यांना पटलं. मलाही ते आत्ता जास्त नीट समजलं.

सळया उपसल्या. पाण्यातल्या पिशवीत वरचा जेमतेम दीड सेंटिमीटर तांबूस, खाली शिशासारखा करडा रंग. कोरड्या गटात तळापर्यंत गंज.

४ जुलै

तीन दिवसांचा गट टबातून काढून विटांवर ठेवला. उद्यापासून या गटाचा "ओसरल्यावरचा" पहिला दिवस मोजते.

पानांकडे बघून तिन्ही पिकं ठीक वाटतात. तुरीचं खालचं पान किंचित पोपटी, बाकी हिरवंगार. मी शेतकरी असते आणि आज शेत बघितलं असतं, तर "काही झालं नाही" म्हणून घरी गेले असते.

५ जुलै, रात्री

चूक झाली. पावसापासून आडोसा म्हणून बांधलेल्या प्लॅस्टिकच्या कागदात पाणी साठून झोळी झाली आणि ती संध्याकाळी कोरड्या गटावर रिकामी झाली. गच्चीची नाळीही पानांनी तुंबलेली. मी कॉलेजात होते, साडेनऊला आले. कोरड्या गटातल्या तुरीच्या पाच पिशव्या तीन-चार तास पाण्यात उभ्या होत्या. त्यांच्यावर दोरा बांधून खूण केली, वेगळ्या लिहायच्या. कागदाला उतार दिला, नाळीवर जाळी लावली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

६ जुलै

तीन दिवसांच्या गटातल्या सळया (४ तारखेला रोवलेल्या) उपसल्या, आणि आज बराच वेळ हातात धरून बसले.

पाण्यातून काढून पूर्ण दोन दिवस झाले. पिशवीला भोकं आहेत, खाली विटा आहेत, वरची माती सुकून फिकी पडलीय. तरी सळई वरून फक्त चार ते पाच सेंटिमीटर गंजलेली. खालचे दहा-बारा सेंटिमीटर तसेच करडे. एका सळईच्या टोकाला तर काळा लेप होता आणि नाकाजवळ नेल्यावर सडक्या अंड्याचा वास. म्हणजे तिथे ऑक्सिजन आणि तो संपल्यावर जिवाणू श्वासासाठी वापरतात ते नायट्रेट तर सोडाच, सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंपर्यंत पाळी गेली होती.

माझ्या वहीत "तीन दिवस पाणी" लिहिलंय. वरच्या मुळासाठी ते खरं आहे. खालच्या मुळासाठी आज पाचवा दिवस आहे, आणि तो अजून संपलेला नाही. काळ्या मातीत पाणी ओसरणं आणि वाफसा येणं (माती ओलसर पण मोकळी, हवा खेळेल अशी होणं) या दोन गोष्टींमध्ये इतकं अंतर असतं. मामा "पाणी गेलं" म्हणतो तेव्हा तो पृष्ठभागाबद्दल बोलत असतो. मुळांची सुटका नंतर, आणि ती वरून खाली, थराथरानं होते.

आजच्या उन्हात याच गटातल्या तुरीनं परत माना टाकल्या, ३ तारखेपेक्षा जास्त. हे शेतकऱ्यांना नीट माहीत आहे: पाऊस सुरू असेपर्यंत तूर उभी दिसते, उघडीप मिळून ऊन पडलं की कोलमडते. त्यात भर म्हणजे हवा परत येणं हाही रोपाला एक धक्काच असतो. उपाशी पेशीत अचानक ऑक्सिजन शिरला की हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जाळणारी रसायनं तयार होतात, आणि साठलेल्या अल्कोहोलपासून विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं. म्हणून ओसरल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस कधीकधी पाण्यातल्या दिवसांपेक्षा जड जातात.

७ जुलै

सहा दिवसांचा गट बाहेर काढला. पुनर्वसूचा पाऊस चांगला लागलाय, इथेही आणि तिकडेही. टब हलवताना मळीसारखा वास आला. तुरीची खालची पानं पिवळी, दोन रोपांची पडलीसुद्धा. सोयाबीन फिकट, पण उभं. त्याच्या खोडाचा मातीलगतचा भाग सुजल्यासारखा जाड झालाय आणि साल उकलून आत पांढरा, भुसभुशीत, थर्माकोलसारखा पदार्थ दिसतो. नखानं दाबला तर दबतो. हा हवेचा रस्ता आहे, सोयाबीननं सहा दिवसांत स्वतः बांधलेला.

मक्याला खालच्या कांड्यावर जाड, पांढरी, लालसर टोकांची नवी मुळं आलीत, पाण्याच्या पातळीलगत. एक तोडून ब्लेडनं आडवी चकती काढली. सूक्ष्मदर्शकाखाली मधल्या थरातल्या पेशी विरघळून मोठ्या पोकळ्या झालेल्या दिसल्या, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांमधल्या जागेसारख्या. इथिलीन हा रोपाचाच वायू साठला की मका स्वतःच्या काही पेशी मारून ही नळी तयार करतो.

शेजारच्या मडक्यातला इंद्रायणी भात गाळात सहज उभा. एक रोप काढलं. मुळांवर विटकरी रंगाचा लेप. सळईवर जो गंज बघतेय तोच जणू. भाताचं मूळ आतून ऑक्सिजन खाली नेतं, थोडा बाहेर झिरपू देतं, आणि भोवतालचं विरघळलेलं लोह त्यावर गंजून बसतं. सळई ठेवली असती तर ती या गाळात काळीच राहिली असती. मूळ स्वतःची हवा स्वतः घेऊन जातं.

८ जुलै

तीन दिवसांच्या गटाचा चौथा दिवस. उपटायच्या पिशव्या फाडून, पाण्याच्या बारीक धारेखाली मुळं धुतली. एक तूर अर्धा तास. घाईनं धुतलं तर नवी मुळं आधी तुटतात.

तूर: सोटमूळ खालच्या अर्ध्यात तपकिरी. चिमटीत धरून ओढलं तर मोज्यासारखी साल हातात आली आणि आत पांढरा दोरा राहिला. हा भाग मेला. पण मातीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर, दलं चिकटलेली असतात त्याच्या जरा खाली, मोहरीच्या दाण्याएवढे पांढरे उंचवटे, फुटू पाहणारी नवी मुळं. चारपैकी तीन रोपांना होते, चौथ्याला नव्हते. गंमत अशी की पानं चौघांची सारखीच पोपटी होती.

सोयाबीन: चारही रोपांना नवी बाजूची मुळं, दोन सेंटिमीटरपर्यंत. गाठी मात्र कापल्यावर आतून करड्या-हिरवट. निरोगी गाठ गुलाबी असते.

टेट्राझोलियमचं द्रावण कॉलेजातून आणलं होतं. मुळांचे तुकडे अंधारात बुडवून ठेवले. श्वास घेणारी पेशी त्यात लाल होते. तीन तासांनी तुरीचं सोटमूळ वरचे चार सेंटिमीटर लाल, खाली काहीच नाही. मग ६ तारखेच्या सळईवरची गंजाची रेघ काढून शेजारी ठेवली. दोन्ही रेघा बोटभर अंतरातच येतात.

हे चार-चार रोपांचं काम आहे, यावरून मोठं काही म्हणणार नाही. पण कुठे बघायचं ते कळलं: पान नाही, मातीखालचे पहिले चार सेंटिमीटर. आणि केव्हा: ओसरल्यावर चौथ्या दिवशी. त्याआधी मूळ मेलंय की थांबलंय हे डोळ्यांना वेगळं दिसत नाही.

९ जुलै

रात्री मामाचा फोन. कालपासून खालच्या वावरात पाणी. "बांध फोडून दिला, दुपारी निघालं बरंचसं. पण तूर पिवळी पडायला लागलीये. बियाण्याची पिशवी आजच सांगून ठेवू का? नंतर मिळायची नाही."

मी म्हटलं, बियाणं सांगून ठेव, पण पेरू नकोस. आधी पिकाच्या तासांच्या, म्हणजे ओळींच्या, मधून चर काढ, वरचं पाणी गेलं तरी खालचं आत असतं. आणि मी येईपर्यंत जमिनीत युरिया टाकू नकोस.

"मग आमचे शेजारी टाकतायत ते?"

त्याला सांगितलं ते इथे नीट लिहिते. पिवळेपणा नत्राच्या उपासाचाच असतो, तेवढं शेजाऱ्यांचं बरोबर आहे. पाणी तुंबल्यावर जमिनीतलं नायट्रेट जिवाणू वापरून टाकतात आणि ते वायू होऊन उडून जातं. पण मुळाला खत आत घेण्यासाठीही ऊर्जा लागते, आणि तीच सध्या नाही. जमिनीत टाकलेलं पडून राहील, पुढच्या पावसात वाहून जाईल. पानांतून थोडं देता येतं, तेही पान ताठ झाल्यावर.

१२ जुलै

सकाळच्या एसटीनं गेले. निघताना आजी म्हणाल्या, "आज बारा जुलै." १९६१ साली याच दिवशी पानशेत फुटलं, खडकवासल्याची भिंतही त्यात गेली. आजी तेव्हा नारायण पेठेत राहत होत्या. पुराबद्दल त्या फारसं बोलत नाहीत, पण नंतरचा गाळ सांगतात: ऊन पडल्यावर त्याची खपली झाली आणि ती इतकी घट्ट, की अंगणातली झाडं पाण्यानं नाही मेली, त्या खपलीखाली मेली. बसमध्ये हे डोक्यात राहिलं.

वावरात पोचले तर तीच खपली समोर. पाणी ओसरून तिसरा दिवस. वरचा पापुद्रा वाळून ताटासारखा झालाय, त्याखाली लोणी. मामाला कोळपं घालायचं होतं. मूठभर माती घेतली, दाबली, सोडली. लाडू राहिला, बोटांना चिकटला. अजून वाफसा नाही. आत्ता कोळपं फिरवलं तर चिखलाच्या वड्या पडतील आणि हवेची वाट आणखी बुजेल. खुरप्याच्या टोकानं तासातली खपली फक्त फोडत गेलो, मी, मामी आणि दोन बाया.

मामानं घरातून एक बाटली आणून दाखवली. तालुक्यातल्या एका दुकानातून "मुळी फुटायचं औषध" म्हणून आणलेली, साडेसहाशे रुपये. आत काय आहे ते लेबलवर कुठेही छापलेलं नाही. मला वाईट वाटलं. घाबरलेल्या माणसाला अशी वस्तू विकणं बरोबर नाही. मी ती वापरू नको म्हटलं, आणि मामानं ऐकलं.

१३ जुलै

चौथा दिवस. वावराचे उतारानं तीन भाग केले, प्रत्येक भागात पाच-पाच ठिकाणी खुरप्यानं मातीच्या गड्ड्यासकट सोयाबीन आणि तूर काढली, विहिरीवर बादलीत धुतली. मामा शेजारी उकिडवा बसलेला.

पहिलं रोप धुवून त्याच्या हातात दिलं आणि कुठे बघायचं ते दाखवलं. त्यानं चष्मा वर केला, रोप उजेडाकडे धरलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे काय, दात आल्यासारखं दिसतंय." पांढरे उंचवटे. लहान मुलाच्या हिरडीतून दात वर यावा तसेच. मी वर्षभर या गोष्टीला पुस्तकातलं नाव घेऊन बोलतेय, आता दातच म्हणणार.

वरचा भाग: सोयाबीन पाचही ठिकाणी चांगलं, तुरीला चार ठिकाणी दात. मधला भाग: सोयाबीन पाचही, तूर दोन. खालचा सात-आठ गुंठ्यांचा पट्टा: सोयाबीन तीन, तूर एकही नाही, सगळ्यांची साल मोज्यासारखी निघाली.

ठरलं ते असं. वरचं आणि मधलं मोडायचं नाही. खालच्या पट्ट्यात सोयाबीन विरळ राहील, तसंच ठेवायचं. दोन दिवसांत तिथे वाफसा येत नाही, मग पेरायचं तरी कशात? बियाण्याच्या पिशव्या परत. मामीनं हिशोब लगेच केला आणि पहिल्यांदा हसली.

१६ जुलै

मामाचा फोन. काल वाफसा आला, कोळपं घातलं. मी हलकं आणि रोपापासून लांब घालायला सांगितलं होतं, कारण नवी मुळं वरच्या चार बोटांतच आहेत. फण खोल गेला तर जे आलंय तेच कापलं जाईल. नंतर खोडाला मातीची थोडी भर. आज सकाळी १९:१९:१९ या पाण्यात विरघळणाऱ्या खताची फवारणी, दहा लिटरच्या पंपाला ५० ग्रॅम. वरच्या-मधल्या भागातल्या तुरीला मानेशी ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची आळवणी, कारण दुखावलेल्या मुळात रोगाची बुरशी लवकर शिरते.

गच्चीवर सहा दिवसांच्या गटाचा नववा दिवस. सोयाबीन आठपैकी सात नवं पान काढतंय. मका आठपैकी सहा. मेलेल्या दोन मक्यांचा पोंगा धरून ओढला तर अलगद हातात आला, खाली कुजकट वास. वाढीचा शेंडाच गेला होता. तूर आठपैकी एक. तीन दिवसांच्या गटात सोयाबीन, मका सगळे, तूर सहा. दोरा बांधलेल्या पाच पिशव्या इतर कोरड्या पिशव्यांसारख्याच, त्या रात्रीच्या पाण्यानं काही झालं नाही.

युरियाचीही छोटी तुलना केली होती. सहा दिवसांच्या गटातल्या चार सोयाबीनना टबातून काढल्याच्या दिवशीच मातीत युरिया, उरलेल्या चारांना वाफशानंतर पानांवर फवारणी. आज पहिल्या चारांपैकी एक मेलंय, तिघांची पानं अजून फिकी. दुसरी चार हिरवी होतायत. आकडा लहान आहे, पुढच्या वर्षी वीस-वीस घेईन.

१८ जुलै

कॉलेजात मॅडमना वही दाखवली. त्यांनी भाताचा विषय काढला: ओडिशातल्या एफआर १३ ए या जुन्या वाणातलं सब१ए हे जनुक २००६ साली ओळखलं गेलं, आणि २००९ मध्ये ते जनुक आणलेला स्वर्णा-सब१ हा वाण भारतात शेतकऱ्यांपर्यंत आला. हा वाण पूर्ण बुडाला तर वर येण्याची धडपड करत नाही. वाढ थांबवतो, साखर जपून ठेवतो, आणि पाणी उतरल्यावर त्या शिलकीवर परत उभा राहतो. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या रोपांची शिल्लक मोज." बरोबर आहे. माझ्या सोयाबीनच्या रोपांना १ जुलैला हिरवी दलं होती, म्हणजे घरात धान्य होतं. दलं गळून गेल्यानंतर पाणी आलं असतं तर? पुढची फेरी यावर: दहा, पंधरा आणि पंचवीस दिवसांच्या रोपांवर. शिवाय ढगाळ दिवस मोजायला हवेत. ऊन नसेल तर पान साखर कमी बनवतं, आणि पूर नेहमी ढगांसोबतच येतो.

२१ जुलै

तुरीच्या जास्तीच्या २२ पिशव्या मामाकडे नेल्या. पाच आठवड्यांची रोपं, पिशवीत वाढवलेली तूर या वयात शेतात लावता येते. मधल्या भागातल्या नांग्या (रोपं मेलेल्या रिकाम्या जागा) भरल्या. पिशवी ब्लेडनं उभी कापायची, गड्डा फुटू द्यायचा नाही. प्रत्येक रोपाखाली वीतभर उंचीचा मातीचा ढीग केला, म्हणजे पुढचं पाणी मानेखाली राहील. मामाला रुंद वरंबा-सरीबद्दल परत सांगितलं: पीक रुंद उंच गादीवर, जादा पाणी मधल्या सरीतून बाहेर. हैदराबादजवळ पाटनचेरूच्या इक्रिसॅटमध्ये काळ्या जमिनीसाठी ही पद्धत १९७० च्या दशकातच बसवली गेली. त्यासाठीचं बीबीएफ (ब्रॉड बेड फरो) यंत्र भाड्यानं मिळतं. गेली तीन वर्षं मी हे सांगतेय. आज तो म्हणाला, खालच्या वावराला पुढच्या मृगात तसंच पेरू. खालच्या पट्ट्यातल्या मोकळ्या जागेत चाऱ्याचा मका टाकणार आहे.

२ ऑगस्ट

गच्चीवरच्या सोयाबीनला जांभळी फुलं. कोरड्या गटाला २७ जुलैला आली होती, तीन दिवसांच्या गटाला ३० ला, सहा दिवसांच्या गटाला आज.

दोन रोपं उपटून गाठी कापल्या. खालच्या जुन्या मुळांवरच्या गाठी पोकळ, नुसती टरफलं. पण नव्या मुळांवर, वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये, नव्या गाठी. ब्लेडनं कापल्यावर आत गुलाबी. बोटाला लागलेला तो रंग पुसायच्या आधी फोटो काढला आणि मामाला पाठवला.

काळजी आता उलटी आहे. मामाकडे सहा दिवस पाऊस नाही. वावरात वरची माती भेगाळायला लागलीये, आणि या रोपांची सगळी मुळं वरच्या वितीतच आहेत. वरच्या शेतातल्या, पाणी न लागलेल्या सोयाबीनला आणखी आठवडा काही होणार नाही, त्याची मुळं खोल आहेत. या वावराला तेवढं थांबता येणार नाही. मामाला सांगितलं की पाणी द्यायचं तर आधी इथे दे, आणि हलकं दे. तो म्हणाला, "ज्याला पाण्यानं मारलं त्यालाच पहिलं पाणी?" हो म्हटलं. उद्या पहाटे तो सरीतून सोडणार आहे. मी चार सळया घासून ठेवल्यात, परवा घेऊन जाते.